झाशीची राणी मांडवाच्या दारात

भेस्तान, सुरत
१० मार्च

तीर्थस्वरूप ज्योतीताई यांना,

जयश्रीचा वाकून नमस्कार. ताई, नमस्कारापर्यंत पोचायलाच मला अर्धी सकाळ लागली. या घरात आल्यापासून तुम्हाला पत्र लिहायचं म्हणजे पाकिटावर आधी 'सौ.' आणि मग तुमचं नाव, असं हाताला वळण पडलेलं. आज तो 'स' उमटायच्या आत पेन थांबलं. दाजी गेल्यावर रीतीप्रमाणे काय लिहितात ते मला माहीत आहे, आणि ते माझ्याने लिहवत नाही. 'श्रीमती' लिहून बघितलं तर बँकेचं पत्र वाटायला लागलं. शेवटी नुसतं 'ज्योतीताई' लिहिलं. दोंडाईच्यात पोस्टमन तुम्हाला ओळखतो, त्याचं काही अडणार नाही.

तुमचा गुडघा कसा आहे? निरगुडीचा शेक घेता की नुसता 'घेते, घेते' म्हणता? इकडे आम्ही सगळे ठीक. ह्यांचा खोकला थंडीबरोबर गेला. तुमची भाची वर्षा नोकरी आणि लग्नाची खरेदी यांच्यामध्ये धावते आहे, आणि ब्लाउजच्या बाह्यांवरून आमचं दिवसाआड भांडण होतं, म्हणजे घर आनंदात आहे. तुम्ही गेल्या आठवड्यात ह्यांना फोनवर सांगितलंत की, लग्नाला येईन, अक्षता टाकीन आणि निघेन, हळदीला माझी वाट बघू नका. त्याबद्दल मी आज काही लिहिणार नाही. आज मला तुम्हाला एक घडलेली गोष्ट सांगायची आहे, कारण ह्यांना सांगितली तर ते एवढंच म्हणाले, "मग घोडीचं भाडं अर्धंच द्यायचं ना?" (फोन का नाही केला असं म्हणाल. फोनवर तुम्ही 'बरं, बरं, ठेवते' म्हणता. पत्राला 'ठेवते' म्हणता येत नाही.)

तर ताई, परवा जागतिक महिला दिन झाला. आमच्या सोसायटीच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा प्रमिलाबाई तुम्हाला आठवत असतील. मागच्या खेपेला त्यांनी तुम्हाला जिन्यात गाठून लोणच्यातल्या मिठावर उपदेश केला होता. बाई कर्तबगार, पण एकदा ठरवलं की महापालिकेचा बुलडोझरही वळून जाईल. संक्रांतीचं हळदीकुंकू यंदा राहून गेलं होतं. सुरतेत त्या दिवसांत सगळं गाव गच्चीवर पतंगाच्या मागे असतं, खाली हळदीकुंकवाला येतंय कोण? वाणाच्या स्टीलच्या वाट्या मात्र आणून ठेवलेल्या. तेव्हा प्रमिलाबाईंनी ठरवलं की महिला दिन आणि राहिलेलं हळदीकुंकू एकत्रच उरकायचं. "दोन्ही बायकांचंच ना?" असं त्यांनी विचारलं आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा! इतिहास घेऊन बी.ए. झालेली मी, रोज रात्री आज आपण कुठे चुकलो ते वहीत लिहिणारी मी, मलासुद्धा त्यात काही खटकलं नाही.

कार्यक्रम असा ठरला: इतिहासातल्या चार थोर स्त्रियांची मिरवणूक सोसायटीच्या मंदिरापासून निघून मोठ्या रस्त्याने हॉलपर्यंत येईल. जिजाऊ, ताराराणी आणि अहिल्याबाई सजवलेल्या टेम्पोत, झाशीची राणी घोड्यावर. हॉलमध्ये आधी माझं 'इतिहास घडवणाऱ्या स्त्रिया' या विषयावर भाषण, आणि मग चौघींना पहिलं हळदीकुंकू लावून बाकीच्यांना. बॅनरचा मजकूर तपासायचं काम माझ्याकडे होतं. मी तो दोनदा वाचला, दोन वेलांट्या सुधारल्या आणि छापायला पाठवला.

आता रुक्मिणीबद्दल सांगते. ती आमच्या खालच्या मजल्यावर राहते, घरी साड्यांना लेस लावायचं काम करते. तिचा आवाज असा की तिने पहिल्या मजल्यावरून मुलीला हाक मारली की चौथ्या मजल्यावरची मुलगी 'आले' म्हणते. तिचे यजमान पांडेसऱ्याला डाइंग मिलमध्ये होते, तीन वर्षांपूर्वी वारले. तेव्हापासून कुठल्याही कार्याला ती मुलीला पाठवते आणि स्वतः घरात मशीन चालवत बसते. पण घोडी येणार हे कळल्यावर बाई थेट मंडळाच्या बैठकीत हजर! म्हणाली, "घोडीवर मी बसते. माझ्या बापाचं टट्टू होतं, त्याच्यावर बसून मी बाजाराला जायची. तुमच्यातली कोण बसलीय सांगा?" कोणीच बसलेलं नव्हतं. बऱ्याच जणी जमिनीवर बसून उठतानाही भिंत धरतात.

प्रमिलाबाई म्हणाल्या, "अगं रुक्मिणी, हौस मला कळते. पण पुढे हळदीकुंकू आहे, शुभकार्य आहे. तू आपली मागे राहा. बॅनर धर."

रुक्मिणीने मान डोलावली. (आणि मीही. हे मी वहीत लिहिलं आहे, इथेही लिहिते.) जिन्यात मात्र मला म्हणाली, "नवरा माझा गेला वं जयश्री. मी कुठं गेले? मी इथंच आहे ना."

यावर मी तिला विचारलं, "चहा घेतेस का?"

राणीचा मान चंचलला मिळाला. ती नव्याने लग्न होऊन आलेली, गोरी, सडपातळ, आणि आत्मविश्वास असा की तिने घोड्यावर बसलेले फोटो आधीच ठरवून ठेवले होते. वेष भाड्याने देणाऱ्याकडे राणीचा एकही पोशाख शिल्लक नव्हता, त्या दिवशी साऱ्या सुरतेत राण्याच राण्या होत्या. म्हणून आम्ही नवरदेवाचा फेटा आणि शेरवानी आणली आणि पाठीला बाहुली बांधायचं ठरवलं. फेट्याला पुढून मोत्यांच्या लडी लोंबत होत्या. मी म्हटलं, झाशीची राणी मुंडावळ्या बांधून लढायला गेली नव्हती. प्रमिलाबाई म्हणाल्या, "कापल्या तर डिपॉझिट जाईल." लडी राहिल्या.

घोडी वरातीचीच. नाव बिजली. तिचा मालक योगेंद्र हसतमुख माणूस, म्हणाला, "दीदी, एकदम सीधी है. इसको रास्ता बताना नहीं पड़ता." आम्हाला हे ऐकून केवढा धीर आला! या वाक्याचा पूर्ण अर्थ आम्हाला तासाभराने कळला.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला सगळ्या जमलो. नऊवाऱ्या, नथी, फेटे, अत्तराचा घमघमाट. ताई, खरं सांगते, मला रडायला येईल असं वाटत होतं, इतक्या सगळ्या देखण्या दिसत होत्या. आणि तेवढ्यात बॅनर उलगडला. एका दांडीला रुक्मिणी, मध्ये लाल अक्षरांत: 'जागतिक महिला दिनानिमित्त भव्य हळदीकुंकू समारंभ. सर्व सुवासिनींनी अगत्य येण्याचे करावे.' हे मी दोनदा वाचलं होतं, ताई. दोन्ही वेळा मला फक्त वेलांट्या दिसल्या होत्या. मी रुक्मिणीकडे गेले आणि म्हटलं, मी धरते, तू सोड. ती म्हणाली, "राहू दे. दांडी धरणाऱ्याला समोरचं दिसत नाही, म्हणून तर मी दांडी धरलीय." म्हणजे तिने आधीच वाचलेलं होतं.

मी आणखी काही बोलणार तोच पुढे आरडाओरडा झाला. चंचल एका स्टुलावरून रिकिबीत पाय घालत असताना बिजलीने मान वळवून तिच्याकडे नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि दात दाखवले. चंचल जी उतरली ती थेट टेम्पोत अहिल्याबाईंच्या मांडीवर. "मैं नहीं बैठूँगी! वो मुझे पसंद नहीं करती!" बँडवाले खोळंबलेले, मागे रिक्षांचे भोंगे, प्रमिलाबाई वाट बघायला पुढे हॉलवर गेलेल्या. कोणी काही ठरवायच्या आत रुक्मिणीने बॅनरची दांडी माझ्या हातात दिली, साडीवरूनच शेरवानी चढवली, फेटा डोक्यावर ठेवला, बाहुली पाठीला आवळली आणि एका झेपेत वर! ताई, स्टूल नाही, भिंत नाही. साऱ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, आणि बँडमास्टरला वाटलं हीच खूण.

बँड म्हणजे आपल्या लिंबायतचा खान्देशी बँड. ते वरातीचंच वाजवतात, त्यांना वेगळं वाजवा म्हणून सांगायचं आम्हाला सुचलं नव्हतं. पहिला ढोल पडताच बिजली नाचायला लागली. पुढचे दोन पाय, मागचे दोन पाय, मानेला झटका. राणी वर ताठ, मोत्यांच्या लडी डावीकडून उजवीकडे. लोक मोबाइल काढून उभे. नाचून झाल्यावर बिजली चालू लागली, आणि हॉलकडे डावीकडे वळायचं तिथे तिने उजवीकडे वळण घेतलं. योगेंद्र चहाच्या टपरीवर होता. बँड घोडीच्या मागे जातो, ही बँडची रीत. टेम्पो बँडच्या मागे. आम्ही टेम्पोच्या मागे. (मला उजवीकडचं वळण लक्षात आलं होतं. पण माझ्या हातात बॅनर होता आणि सगळ्या इतक्या उत्साहात चालल्या होत्या की मला वाटलं, रस्ता बदलला असेल, आपल्याला कोणी सांगितलं नसेल. आयुष्यात मी बऱ्याच ठिकाणी अशीच पोचले आहे.)

बिजली गेली ती एका पार्टी प्लॉटच्या, म्हणजे लग्नासाठी भाड्याने देतात त्या मैदानाच्या, कमानीत. तिथे एका गुजराती घरचं लग्न. मागाहून समजलं की योगेंद्रने एकाच संध्याकाळी दोन बुकिंग घेतली होती, आधी आमची राणी, मग त्यांचा नवरदेव. आणि बिजली तर आठवड्यातून दोनदा त्याच कमानीत नवरे पोचवत असते. तिच्या हिशोबाने तिने काम चोख केलं. नवरीकडच्यांनी बँड ऐकला, घोडी पाहिली, फेटा पाहिला, लडींमागचा चेहरा कोणाला दिसतोय? गुलाबपाण्याचे फवारे उडाले. नवरीची आई हातात ताट घेऊन पुढे आली, कोणीतरी बाजठ, म्हणजे आपला चौरंग, सरकवला, आणि रुक्मिणी, जिला वाटलं की हा मंडळाने ठेवलेला सत्कारच आहे, ऐटीत खाली उतरून त्याच्यावर उभी राहिली.

गुजराती लोकांत सासू जावयाला दारात ओवाळते, कपाळाला कुंकू लावते, वर तांदूळ चिकटवते आणि मग थट्टेने त्याचं नाक ओढते, हे तुम्हाला माहीत असेल. रुक्मिणीला माहीत नव्हतं. लडी बाजूला झाल्या, कपाळावर ओलं कुंकू टेकलं, तांदूळ चिकटले आणि त्या बाईंनी हसत हसत नाकाला जो हात घातला तशी राणी त्या आवाजात ओरडली, "वं माय, मना नाक!"

बँड थांबला. बाई लडींमध्ये डोकावल्या. "अरे, आ तो बेन छे!"

मग जो हशा उठला, ताई! नवरीकडचे, आमच्या चाळीस बायका, बँडवाले, टेम्पोतल्या जिजाऊसुद्धा. मी बॅनर घेऊनच पुढे धावले, माफी मागायला, हिंदी, गुजराती, मराठी जे तोंडात येईल त्यात. एकटी रुक्मिणी हसत नव्हती. तिने कपाळाला हात लावला, बोटाला लागलेलं कुंकू पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. तिच्या मोडक्यातोडक्या गुजरातीत ती त्या बाईंना हळू म्हणाली की, बेन, चूक झाली, मी विधवा आहे, तुमच्या मुलीच्या लग्नाच्या दारात असं व्हायला नको होतं, ताट बदलून घ्या. आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज मी इतका लहान ऐकला.

त्या बाईंनी तिच्याकडे पाहिलं. लालसर बांधणी नेसलेल्या, कानांत मोठे झुमके. म्हणाल्या, "हुं पण." मीपण. आणि मग, ताट दुसऱ्या हातात घेत, अगदी रोजचं काही सांगावं तसं, "दीकरी मारी, जमाई मारो. पोंखवा बीजुं कोण आवे?" मुलगी माझी, जावई माझा, ओवाळायला दुसरं कोण येणार? (शब्द हेच होते का, याचा मी दोन दिवस विचार करते आहे. माझं गुजराती भाजीबाजारापुरतं. पण वाक्य एवढंच छोटं होतं आणि त्यात भाषण अजिबात नव्हतं, याची मला खात्री आहे.) त्यांनी रुक्मिणीच्या तोंडात पेढा भरला आणि तिला दोन्ही खांदे धरून बाजठावरून उतरवलं, कारण तेवढ्यात खरा नवरदेव मोटारीतून येऊन घोडी कुठे आहे म्हणून चिडलेला होता. बिजली तिथेच राहिली. झाशीची राणी पायी परतली.

हॉलमध्ये प्रमिलाबाई हळदीकुंकवाची कुयरी हातात घेऊन दारात तासभर ताटकळलेल्या. त्यांनी रुक्मिणीचा फेटा पाहिला, मग कपाळ पाहिलं. "रुक्मिणी! हे काय? पूस आधी."

"पुसू कशी? सासूबाईंनी लावलंय," रुक्मिणी म्हणाली. पेढ्याने तिचा आवाज परत आला होता. "थोडक्यात वाचले. नाहीतर आत नवरीच्या शेजारीच बसवलं असतं मला." आणि सरळ स्टेजवर जाऊन राणीच्या खुर्चीत बसली.

मग माझं भाषण. सहा पानं लिहिली होती, चांगली होती. मी माइकसमोर उभी राहिले, चौघी राण्यांकडे पाहिलं, आणि ताई, जी गोष्ट मी कॉलेजपासून जाणते ती मला तेव्हा पहिल्यांदा दिसली. खंडेराव पडल्यावर अहिल्याबाईंनी राज्य सांभाळलं. राजाराम महाराज गेल्यावर ताराराणी औरंगजेबाशी लढली. झाशीची राणी गंगाधररावांच्या मागे. (जिजाऊंना वैधव्य उशिरा आलं, तोवर राजे कर्ते झाले होते, त्यामुळे 'चौघी' म्हणताना मी अडखळले. पण त्याही शेवटची दहा वर्षं त्याच यादीत.) सहा पानं बाजूला राहिली आणि माझ्या तोंडून एवढंच निघालं, "प्रमिलाबाई, आपल्या बॅनरच्या नियमाने या चौघींपैकी कोणाला कुंकू लावता येईल?"

अहिल्याबाई झालेली बाई घाईघाईने म्हणाली, "माझे हे आहेत हं, घरी आहेत!" प्रमिलाबाई कुयरीकडे बघत उभ्या. मग म्हणाल्या, "मी राणीला लावतेय. बाईला नाही. वेषाला लावतेय."

"मग फेटा उतरवल्यावर पुसशील का?" रुक्मिणीने विचारलं. रागाने नाही, खरंच माहिती हवी असल्यासारखं.

प्रमिलाबाईंनी कुयरीत बोट बुडवलं. मग पुढे होऊन त्या वाळलेल्या कुंकवावरच त्यांनी हळद आणि कुंकू टेकवलं आणि मागे वळून सगळ्यांना दम दिला, "फोटो कोणी काढायचा नाही!" त्याबरोबर चाळीस मोबाइल वर झाले. मागे चपलांजवळ बसलेल्या, फक्त राण्या बघायला आलेल्या तिघी-चौघी उठून पुढे आल्या. वाट्या कमी पडल्या. दोघी तोंड वाकडं करून निघून गेल्या, हेही लिहायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल भेस्तानात एका संध्याकाळीत युग बदललं. तसं काही नाही. पण मला अजून झोप नीट लागत नाही, इतका आनंद झाला आहे.

घरी सगळ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. गुडघ्याला शेक घ्याच.

तुमची,
जयश्री

ता. क. वरचं वाचून मी फार मोठं काम केलं असं वाटत असेल तर थांबा. दुसऱ्या दिवशी मी रुक्मिणीकडे गेले, जरा शाबासकीच्या आशेने. ती मशीन न थांबवता म्हणाली, "माझ्यावरून भाषण केलंस, मला विचारलं होतंस का? तुला वाटलं मला कुंकू पाहिजे. मला घोडी पाहिजे होती." यावर विचार करते आहे. तिचं बरोबर आहे असं दर वेळी उत्तर येतं.

ता. क. २. म्हणून मी ठरवणार नाही, विचारते. ताई, वर्षाला पहिली हळद तुम्ही लावाल का? तुम्हाला नको असेल तर नको म्हणा, मी पुन्हा शब्द काढणार नाही. पण लोक काय म्हणतील म्हणून नको असेल, तर ते नको मला मान्य नाही. ह्यांना अजून सांगितलेलं नाही. व्याह्यांनाही नाही.

ता. क. ३. हे पत्र आत्ता वर्षाने माझ्या खांद्यावरून वाचलं. म्हणाली, "आई, यासाठी एवढी पानं? आत्याला मी मघाशीच मेसेज टाकला, तू हळद लावली नाहीस तर मी पाटावरच बसणार नाही. बाबांना पण सांगितलं. ते म्हणाले, ताई नाही तर कोण लावणार? आणि माझ्या सासूबाईंनी विचारलंय, आत्या येतायत ना, मी त्यांच्या शेजारी बसेन, मला गर्दीत भीती वाटते." तेव्हा वरचं सगळं वाचलं नाहीत तरी चालेल. हळकुंडं आणून ठेवली आहेत, अजून अख्खीच आहेत. जातं धुऊन उन्हात ठेवलं आहे. हळदीच्या आदल्या दिवशीच्या सकाळच्या गाडीने या, म्हणजे दळायला वेळ मिळेल.